कर्बाचा जमाखर्च : वावरातला आणि पृथ्वीचा

मी कला शाखेचा विद्यार्थी. भूगोल हा माझा विषय असला तरी रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तेव्हा प्रकाशसंश्लेषण, कर्बचक्र आणि हवामान या विषयावर मी लेखणी उचलावी हे कोणाला धाडसाचे वाटेल. परंतु हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. तो आमच्या वावरातून आला. त्याचे उत्तर शोधताना ज्या गोष्टी मला कळल्या त्या आपल्या सर्वांच्या उपयोगाच्या आहेत असे वाटले, म्हणून हा लेख लिहीत आहे.

देवळी तालुक्यात आमचे चार एकर वावर आहे. कपाशीचा हंगाम संपल्यावर उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग धुऱ्याजवळ लावून ते पेटवून द्यावयाचे, ही आमच्याकडची दरवर्षीची रीत. गेल्या उन्हाळ्यात मी घरी गेलो असताना वडील ढीग पेटवण्याच्या तयारीत होते. महाविद्यालयात शिकलेले चार शब्द सांगण्याची मला घाई होती. मी म्हणालो, "बाबा, पेटवू नका. याचा कार्बन हवेत जाते आणि त्यानं पृथ्वी तापते."

वडिलांनी काडी ओढायचे थांबून विचारले, "काहून? तूच सांगतलं होतं का झाड हवेतून वाढते म्हणून. मंग हवेतलं होतं ते वापस हवेत गेलं. पुढच्या साली पऱ्हाटी पुन्हा उगवते, म्हणजे पुन्हा हवेतून घेते. जेवढं गेलं तेवढं आलं. यात वाढलं काय?"

मला उत्तर देता आले नाही. पऱ्हाटी जळाली. वडिलांचे म्हणणे चूक आहे असे सिद्ध करण्यासाठी मी वाचनालयात बसलो, आणि काही दिवसांनी ध्यानात आले की त्यांचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे. मात्र ते कोठपर्यंत बरोबर आहे आणि कोठून पुढे अपुरे पडते, हे समजून घेणे म्हणजेच कर्बचक्र समजून घेणे होय.

झाड कशाचे बनते?

झाड जमिनीतून वाढते असे आपण म्हणतो. या समजुतीची परीक्षा प्रथम घेतली ती व्हॅन हेल्मॉन्ट या बेल्जियन शास्त्रज्ञाने. त्याने २०० पौंड कोरडी माती एका कुंडीत घेतली, तीत ५ पौंड वजनाचे वाळुंजाच्या जातीचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाडाचे वजन भरले १६९ पौंडांच्या वर. माती मात्र जेमतेम दोन औंस कमी झाली होती. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली प्रसिद्ध झाला. झाड मातीचे बनत नाही हे त्याने दाखवले, परंतु ते पाण्याचे बनते असा निष्कर्ष काढला. हवेचा वाटा त्याच्या ध्यानात आला नाही.

पुढे प्रिस्टले, इंगेनहूझ, सेनेबिए आणि द सोस्यूर यांनी १७७१ ते १८०४ या काळात हे कोडे पायरीपायरीने सोडवले. पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून हवेतील कर्बवायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, आत जातो. मुळांनी शोषलेले पाणी पानापर्यंत पोहोचते. पानातील हरितद्रव्य सूर्यप्रकाश पकडते आणि त्या शक्तीच्या बळावर पाण्याचे विघटन होते. पाण्यातील प्राणवायू बाहेर पडतो. हायड्रोजन व कर्बवायू यांच्या संयोगातून साखर तयार होते. त्या साखरेपासूनच पिष्ट, तेल, लाकूड, कापूस हे सर्व घडते. या क्रियेला आपण प्रकाशसंश्लेषण म्हणतो.

वर्धेकरांना जवळचे उदाहरण घेऊ. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोजच्या वजनात सुमारे ४४ टक्के कर्ब असतो. म्हणजे एक किलो सुतात चारशे ग्रॅमच्या वर कर्ब आहे. एवढा कर्ब मिळवण्यासाठी कपाशीच्या झाडाला हवेतून दीड किलोहून थोडा अधिक कर्बवायू घ्यावा लागला असला पाहिजे. हवेत कर्बवायूचे प्रमाण फार थोडे. एक घनमीटर हवेत तो पाऊण ग्रॅमच्या आसपास भरतो. हिशेब केला तर एक किलो सुतासाठी सुमारे दोन हजार घनमीटर हवेतील सगळा कर्बवायू लागतो. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि पाच मीटर उंच अशा सभागृहात जेवढी हवा मावेल तेवढी ही हवा झाली. चरख्यावर सूत काढणारा माणूस एका अर्थाने हवाच कातत असतो.

चालू खाते

परंतु झाड घेतलेला कर्ब ठेवून घेत नाही. आपल्याप्रमाणे झाडही श्वसन करते आणि रात्रंदिवस करते. जगण्यासाठी ते स्वतःच तयार केलेली साखर वापरते आणि कर्बवायू परत सोडते. पिंपळ रात्रीही प्राणवायू देतो असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते. सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी १९३६ साली लावलेल्या पिंपळाखाली उभे राहून हे वाक्य मीही अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. परंतु पाण्याचे विघटन करण्यास प्रकाश लागतो. अंधारात ते होत नाही, म्हणून प्राणवायूही सुटत नाही. रात्री पिंपळसुद्धा इतर झाडांसारखा कर्बवायूच सोडतो. याने पिंपळाचे महत्त्व कमी होत नाही. केवळ त्याचे खरे काम कोणते ते कळते.

झाडाने सोडल्यावर जो कर्ब उरतो त्याची वाट निरनिराळी आहे. कडबा आणि कुटार गुरे खातात, ज्वारी आपण खातो, आणि दोघांच्या श्वासातून तो कर्ब हवेत जातो. गळलेली पाने, मेलेली मुळे जमिनीतील बुरशी आणि जिवाणू खातात, त्यांच्याही श्वासातून तो हवेत जातो. पऱ्हाटी चुलीत किंवा धुऱ्यावर जळते, तो मार्ग सर्वांत जलद. काही दिवस, काही महिने किंवा काही वर्षे एवढ्या मुदतीत बहुतेक कर्ब परत येतो. दुकानदाराच्या भाषेत बोलावयाचे तर हे चालू खाते आहे : सकाळी भरणा, संध्याकाळी उचल.

हे खाते डोळ्यांनी पाहण्याची सोय चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने करून ठेवली. हवाई बेटावरील मौना लोआ या पर्वतावर त्याने १९५८ साली हवेतील कर्बवायूचे नियमित मोजमाप सुरू केले. त्या आलेखात दरवर्षी एक चढउतार दिसतो. मे महिन्यात प्रमाण सर्वांत अधिक असते आणि सप्टेंबर–ऑक्टोबरात सर्वांत कमी. कारण पृथ्वीवरील बहुतेक जमीन उत्तर गोलार्धात आहे. तेथील अरण्ये आणि शेते उन्हाळ्यात हिरवी होऊन हवेतील कर्ब ओढून घेतात व हिवाळ्यात तो परत सोडतात. या चढउतारात मोठा वाटा युरोप, सायबेरिया, कॅनडा या थंड प्रदेशांचा असला तरी आपला क्रमही त्याला जुळतो. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातील वावरे उघडी पडलेली असतात आणि बोरच्या जंगलातील साग निष्पर्ण झालेला असतो. आणि जून–जुलैच्या पावसानंतर महिन्याभरात सारे हिरवे होते.

वडिलांचे म्हणणे येथपर्यंत पूर्ण खरे ठरते. पऱ्हाटी हे चालू खाते आहे. मग हवेतील कर्बवायू वाढतो आहे तो कोठून?

ठेवीचे खाते

कर्बचक्राचा दुसरा भाग अतिशय संथ आहे आणि त्याच्या खुणा आपल्या पायाखाली आहेत. वर्धा जिल्ह्याची जमीन काळी, कारण ती बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा खडक तयार झाला. पावसाच्या पाण्यात हवेतील थोडा कर्बवायू विरघळतो आणि ते किंचित आम्ल बनते. असे पाणी हजारो वर्षे बेसाल्टला विरघळवत राहते आणि खडकातील चुना व कर्ब यांचा संयोग घडवते. विहीर खणताना काळ्या मातीच्या खाली पांढरट चुनखडीचे खडे लागतात, त्यांत हा संयोग आपल्याला दिसतो. बाकीचा विरघळलेला कर्ब धाम नदीतून वणेत, वणेतून वर्धेत, पुढे प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतो. तेथे शंखशिंपल्यांच्या रूपाने त्याचा काही भाग तळाशी बसतो. ज्वालामुखी जेवढा कर्बवायू पृथ्वीच्या पोटातून बाहेर काढतात, तेवढाच अशा झिजेतून परत खडकात जातो. हा व्यवहार लक्षावधी वर्षांच्या हिशेबाने चालतो.

दुसरी ठेव वनस्पतींची आहे. वर्धा नदीच्या काठाने दक्षिणेकडे गेले की वणी, घुग्घुस, बल्लारपूर, चंद्रपूर हा कोळशाचा पट्टा लागतो. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत त्याला वर्धा खोऱ्याचे कोळसाक्षेत्र असेच नाव आहे. पंचवीस कोटी वर्षांहूनही आधी, जेव्हा भारत गोंडवन नावाच्या महाखंडाचा भाग होता, तेव्हा येथे दलदली होत्या आणि तीत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या, जिभेच्या आकाराची पाने असणाऱ्या वनस्पती वाढत. मेलेली झाडे पाण्याखाली चिखलात गाडली गेली. तेथे प्राणवायू पोहोचेना, त्यामुळे ती पुरती कुजली नाहीत. त्यांनी हवेतून घेतलेला कर्ब हवेला परत मिळाला नाही. चालू खात्यातील थोडी थोडी शिल्लक बाजूला पडून लक्षावधी वर्षांत ही ठेव साचली. तिलाच आपण दगडी कोळसा म्हणतो.

बल्लारशाहकडून हिंगणघाटमार्गे वर्ध्याकडे येणाऱ्या कोळशाच्या मालगाड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. अशा एका गाडीत साडेतीन ते चार हजार टन कोळसा असतो. एक टन देशी कोळसा जाळला की दीड टनाच्या आसपास कर्बवायू होतो. म्हणजे एका गाडीमागे साडेपाच हजार टनांच्या आसपास कर्बवायू हवेत जातो, आणि तो या वर्षीच्या किंवा गेल्या वर्षीच्या हवेतून घेतलेला नसतो. ज्या काळी मनुष्यप्राणी नव्हता त्या काळच्या हवेतून तो घेतला गेला होता.

मगनवाडीतील एक जुना विचार

चालू खाते आणि ठेव हा भेद करताना मला वर्ध्याच्याच एका ग्रंथकाराची आठवण झाली. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ १९३४ साली स्थापन झाला आणि त्याचे काम वर्ध्यात मगनवाडीत चालले. त्याचे सूत्रधार होते जे. सी. कुमारप्पा. 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हा त्यांचा ग्रंथ त्यांनी तुरुंगात असताना लिहिला आणि तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो नावाने तरी माहीत असतो.

कुमारप्पांनी निसर्गाच्या संपत्तीचे दोन वर्ग पाडले. एक साठ्याची संपत्ती : कोळसा, खनिज तेल, धातू. ती वापरली की संपते. दुसरी वाहती संपत्ती : सूर्यप्रकाश, वारा, वाहते पाणी, वनस्पती. ती वापरली तरी निसर्गक्रमाने पुन्हा मिळते. पहिलीवर उभारलेली अर्थव्यवस्था टिकाऊ नसते आणि साठ्यांच्या मालकीसाठी ती राष्ट्राराष्ट्रांत भांडणे लावते, असे त्यांचे म्हणणे. केवळ सांगून ते थांबले नाहीत. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा 'मगन दीप' नावाचा कंदील मगनवाडीत तयार झाला. आज कोणाला तो कौतुकाचा विषय वाटेल, कोणाला थट्टेचा. कर्बचक्राच्या दृष्टीने पाहिले तर दोन दिव्यांतील फरक स्पष्ट आहे. रॉकेलचा दिवा ठेवीवर जळतो. करडीच्या किंवा जवसाच्या तेलाचा दिवा चालू खात्यावर जळतो. पुढच्या हंगामातील जवस त्याचा धूर परत घेतो.

कुमारप्पांना काळजी होती ती साठा संपण्याची आणि त्यापायी होणाऱ्या हिंसेची. हवेत साचणाऱ्या कर्बवायूचा विचार त्यांनी केला होता असे मी म्हणत नाही. परंतु त्यांनी जेथे रेघ ओढली तेथेच कर्बचक्रातील दोन खात्यांचीही रेघ पडते, हे मला लक्षणीय वाटते.

हवा का तापते?

येथे थोडा विषय उष्णतेचा. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले की रात्र कडाक्याची थंड होते आणि ढगाळ असले की थंडी कमी वाटते, हा आपला अनुभव आहे. दिवसा तापलेली जमीन रात्री अदृश्य उष्ण किरण आकाशाकडे सोडते. हवेतील नायट्रोजन आणि प्राणवायू ते किरण अडवत नाहीत. बाष्प, ढग आणि कर्बवायू ते शोषतात व त्यांतील काही उष्णता पुन्हा खाली पाठवतात. हे आवरण नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश असते. त्याच्यामुळे ते शून्यावर सुमारे १५ अंश आहे. म्हणजे कर्बवायू मुळात शत्रू नव्हे. गोधडी हवीच, प्रश्न तिच्या जाडीचा आहे.

कर्बवायू सूर्यप्रकाशात इतर हवेपेक्षा अधिक तापतो हे युनिस फूट या अमेरिकन महिलेने १८५६ साली दाखवले. उष्ण किरण शोषण्याचा त्याचा गुण टिंडलने १८५९ साली प्रयोगाने मोजला. कोळसा जाळल्याने तापमान किती वाढेल याचा पहिला हिशेब स्वीडनच्या अऱ्हेनियसने १८९६ साली मांडला. म्हणजे ही कल्पना आजकालची नाही.

यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. कीलिंगने मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. २०२४ साली त्यांची सरासरी सुमारे ४२४ भरली. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या आठ लाख वर्षांचा हिशेब मिळतो. त्या सर्व काळात हा आकडा ३०० च्या फारसा पुढे कधी गेलेला नव्हता. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. त्याच अहवालानुसार मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. खरिपावर जगणाऱ्या जिल्ह्याला याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

कर्बवायू वाढला तर पिके अधिक वाढतील, असेही कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. कपाशी, तूर, सोयाबीन, गहू यांचे प्रकाशसंश्लेषण अधिक कर्बवायूत वेगाने होते. ज्वारी, मका, ऊस यांच्या पानांत कर्बवायू एकवटून घेण्याची वेगळी योजना असल्याने त्यांना फारसा लाभ होत नाही. परंतु पाने केवळ कर्बवायूवर जगत नाहीत. पाणी कमी पडले किंवा ऊन फार झाले की पाण्याची बचत करण्यासाठी झाड पर्णरंध्रे मिटून घेते, आणि रंध्रे मिटली की कर्बवायूलाही दार बंद. फुलोऱ्याच्या वेळी पंधरा दिवस पाऊस दडी मारतो, तेव्हा हवेतील वाढीव कर्बवायूचा कपाशीला काय उपयोग?

सव्वाशे आणि दहा

आता मूळ हिशेबाकडे येऊ. पृथ्वीवरील जमिनीवरच्या सर्व वनस्पती मिळून दरवर्षी सव्वाशे अब्ज टनांच्या आसपास कर्ब हवेतून घेतात. त्यातील जवळजवळ सर्व श्वसन, कुजणे आणि जळणे यांतून परत जातो. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस दरवर्षी हवेत घालतो तो कर्ब सुमारे दहा अब्ज टन. सव्वाशेपुढे दहा म्हणजे काय, असे प्रथमदर्शनी वाटते. मलाही वाटले होते.

उत्तर घरच्या उदाहरणातून मिळते. आमच्या चार एकरांत एकरी टनभर धरली तर चार टन पऱ्हाटी निघते. ती जाळली की साडेसहा टनांच्या आसपास कर्बवायू हवेत जातो. त्याच वावराच्या नांगरणी-वखरणीसाठी भाड्याच्या ट्रॅक्टरला वर्षाला चाळीस लिटर डिझेल लागते असे धरू. एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो, म्हणजे सर्व मिळून १०७ किलो कर्बवायू होतो. साडेसहा टनांपुढे १०७ किलो क्षुल्लक. परंतु ते साडेसहा टन पुढच्या वर्षीची कपाशी हवेतून परत घेते आणि पुन्हा सोडते; दहा वर्षांनी त्या खात्याची बाकी शून्याच्या जवळच असते. डिझेलचे १०७ किलो मात्र दरसाल नवे येतात, त्यांना घेणारे जादा पीक कोठे उभे नसते, आणि दहा वर्षांत ते एक टनाच्या वर जातात. रोजची उलाढाल किती मोठी आहे यावर दुकानाची बाकी ठरत नाही. जमा आणि खर्च यांच्या फरकावर ती ठरते.

पृथ्वीचेही असेच आहे. आपण घातलेल्या कर्बापैकी रुपयातील सुमारे आठ आणे हवेत राहतात; उरलेल्या आठ आण्यांतील साधारण निम्मे समुद्र आणि निम्मे अरण्ये व जमीन शोषून घेतात. समुद्राचे पाणी त्यामुळे हळूहळू आम्लतेकडे झुकत आहे.

हा वाढीव कर्ब कोळशाचाच कशावरून? पऱ्हाटीचा किंवा ज्वालामुखीचा का नाही? याला एक सुंदर पुरावा आहे. हवेतील कर्बात अत्यल्प प्रमाणात किरणोत्सर्गी कर्ब-१४ असतो, आणि तो ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. ताज्या पऱ्हाटीत तो असतो. कोट्यवधी वर्षे गाडलेल्या कोळशात त्याचा अंशही उरलेला नसतो. कोळशाचा धूर हवेत मिसळला तर हवेतील कर्ब-१४ चे प्रमाण उतरले पाहिजे. हान्स झ्यूस या शास्त्रज्ञाने १९५५ साली अलीकडच्या लाकडात ते खरोखरच उतरलेले असल्याचे दाखवले. ज्वालामुखीच्या कर्बातही कर्ब-१४ नसतो हे खरे. परंतु सर्व ज्वालामुखी मिळून वर्षभरात जेवढा कर्बवायू सोडतात तो माणसाच्या धुराच्या एक टक्क्याच्या आसपासच भरतो. तिजोरीतील जुन्या नाण्यांवरचा छाप वेगळा असावा आणि बाजारात ती नाणी ओळखू यावीत, तसे हे झाले.

झाडे लावून भागेल काय?

येथे आपल्या सर्वांच्या आवडत्या घोषणेचा विचार करणे प्राप्त आहे. झाडे लावावीत यात शंका नाही. वाढणारे झाड कर्ब साठवते. वाळलेल्या लाकडात निम्मा कर्ब असतो. पण वर सांगितलेल्या एका कोळशाच्या गाडीचा धूर परत घ्यावयाचा तर वाळलेल्या वजनाने सुमारे तीन हजार टन लाकूड नव्याने उभे राहावे लागेल, आणि ते पुढे जळता कामा नये, कुजता कामा नये, तुटता कामा नये. दुसऱ्या गाडीसाठी दुसरे तीन हजार टन. चालू खात्यातील बचतीने ठेवीची सततची उचल भरून काढता येत नाही.

जे झाड उभे आहे ते राखणे त्याहून महत्त्वाचे. २०२० साली वर्धा–सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडली जाऊ लागली तेव्हा नागरिकांनी त्याला विरोध केला होता. अशा प्रसंगी एका झाडाच्या बदल्यात दहा रोपे लावू, असे नेहमी सांगण्यात येते. कर्बाच्या हिशेबात हा सौदा तपासून पाहावा. जुन्या झाडाच्या खोडात कित्येक दशकांची बचत असते आणि तोडल्यावर ती थोड्या वर्षांत हवेत जाते. रोपाच्या खात्यात आरंभी काहीच नसते. दहाही रोपे जगली तरी तेवढी बचत व्हावयास पुष्कळ वर्षे लागतात. आणि उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या भागात दहापैकी किती जगतात हे आपण पाहतोच.

तिसरे खाते

शेवटी वडिलांच्या प्रश्नाकडे येतो. हवेच्या हिशेबात पऱ्हाटी जाळणे हे कोळसा जाळण्यासारखे नाही. मी त्यांना दिलेला उपदेश चुकीचा होता हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांच्याही हिशेबात एक खाते सुटले होते, ते मातीचे.

पाने, मुळे, शेण जमिनीत कुजते तेव्हा त्यातील बहुतेक कर्ब हवेत जातो, पण थोडा भाग मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षे, काही तर शतकानुशतके राहतो. जगातील मातीत अशा रीतीने साठलेला कर्ब हवेतील आणि वनस्पतींतील कर्बाच्या बेरजेहूनही अधिक आहे. हाच सेंद्रिय कर्ब मातीला भुसभुशीत ठेवतो, पाणी धरतो आणि पिकाला अन्नद्रव्ये पुरवतो. आमच्या वावराच्या जमीन आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्बापुढे 'कमी' असा शेरा आहे. दरवर्षी पऱ्हाटी धुऱ्यावर जाळली की हवेला विशेष तोटा होत नाही. मातीला मिळावयाचा हप्ता मात्र चुकतो. पाऊस दडी मारतो त्या पंधरवड्यात हाच हप्ता उपयोगी पडला असता.

हे मी घरी सांगितले तेव्हा वडिलांनी ऐकून घेतले आणि दुसरी अडचण मांडली. "आणि बोंडअळी? पऱ्हाटी वावरात ठेवली तर अळी पुढच्या साली हाजिर." ही अडचण खरी आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे काय केले ते आम्ही विसरलेलो नाही. हंगाम संपताच पऱ्हाटीचा नायनाट करावा असा कृषी खात्याचाही सल्ला असतो. त्यावर उपाय म्हणजे पऱ्हाटी वेळेवर उपटून यंत्राने तिचा भुगा करावयाचा आणि शेणाबरोबर नीट कुजवावयाचा. ढीग चांगला तापला की अळी व कोष मरतात. मात्र यंत्राचे भाडे रोख द्यावे लागते आणि काडेपेटी अगदी स्वस्तात मिळते, हेही तितकेच खरे.

या वर्षी आम्ही एका एकराची पऱ्हाटी भाड्याच्या यंत्राने बारीक करून खताच्या ढिगात घातली आणि तीन एकरांची पूर्वीप्रमाणे जाळली. एका वर्षात मातीत काही फरक दिसेल अशी माझी अपेक्षा नाही. मातीचे खाते सावकाश भरते. तीन वर्षांनी दोन्ही भागांतील माती तपासावयाची असे आम्ही ठरवले आहे, आणि भाड्याचे पैसे दरवर्षी कोठून आणावयाचे हा प्रश्न तूर्त तसाच आहे.

आपल्या महाविद्यालयात शेतकऱ्यांची मुलेमुली पुष्कळ आहेत. त्यांना एकच विनंती आहे. या सुट्टीत घरी गेल्यावर जमीन आरोग्य पत्रिकेतील सेंद्रिय कर्बाचा आकडा पाहावा, गेल्या वर्षी वावरात किती डिझेल लागले आणि किती पऱ्हाटी व तुराट्या जाळल्या हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि एका कागदावर मांडावे. असे वीसपंचवीस कागद एकत्र आले तर भूगोल आणि अर्थशास्त्र या दोन्ही विभागांना अभ्यासाला विषय मिळेल. आणि उपदेश करण्याची घाई करू नये, एवढे मात्र मी स्वानुभवाने सांगतो.